चुंबकी नॅनोकणांनी अंड्यातलं लायसोझाइम वेगळं करतोय. कण चुंबकाला येईनात, प्रोटीन हाती लागेना

एमएस्सीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. मी इथे नाशिकलाच एमएस्सी बायोटेक करतोय, शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट आहे चुंबकी नॅनोकण वापरून अंड्याच्या पांढऱ्या भागातून लायसोझाइम (जिवाणूंच्या भिंती फोडणारं प्रोटीन) वेगळं करणं. विषय मीच निवडला. आमच्या लॅबला क्रोमॅटोग्राफीचा कॉलम आहे, पण त्याचा पंप बंद पडलाय आणि तो दुरुस्त व्हायची वाट बघत बसलो तर माझं सबमिशन पुढच्या बॅचबरोबर होईल. अंडी काय, कॉलेजसमोरच मिळतात.

केलं ते असं. फेरिक क्लोराइड आणि फेरस सल्फेट २:१ मोल प्रमाणात घेतलं, ८० अंशांना ढवळत अमोनिया सोडला, लगेच काळंकुट्ट झालं. त्यात सोडियम सायट्रेट घालून आणखी तासभर ढवळलं, म्हणजे कणांवर कार्बोक्झिल गट बसतील आणि कण ऋणभारित होतील. लायसोझाइमचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनवरचा एकूण भार शून्य होतो तो) ११ च्या आसपास, म्हणजे त्याखालच्या पीएचला ते धनभारित. अंड्यातली बाकीची बहुतेक प्रोटीनं ऋणभारित. कागदावर सगळं जुळतंय.

मग एका अंड्याचा पांढरा भाग पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मीठ असलेला बफर) पाचपट पातळ केला, ५० मिलिग्रॅम कण टाकले, अर्धा तास हलवलं आणि फाल्कन ट्यूबला बाहेरून चुंबक लावला. तासाभरानंतरही पाणी तपकिरीच. थोडे कण भिंतीला धरतात, बाकीचे आपले तरंगत. वरचं पाणी घेऊन ब्रॅडफर्ड (रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) केलं तर आधीपेक्षा जास्त प्रोटीन दाखवतंय! मीठ घालून कणांवरून सोडवलेल्या भागात जेमतेम काही मिलिग्रॅम. जेलवर (त्यात प्रोटीनं आकारानुसार वेगळी होतात) १४ केडीएला, म्हणजे लायसोझाइमच्या जागी, फिकट पट्टी आहे, पण ४५ लाही आहे, म्हणजे ओव्हाल्ब्युमिन हे अंड्यातलं मुख्य प्रोटीनही चिकटून येतंय. आणखी एक, वरचं पाणी सेंट्रिफ्यूज करून साफ केलं तर त्याला किंचित गुलाबी झाक दिसते. अंडं खराब होतं का?

गाईड म्हणतात मोठा चुंबक आण. आणू का? कुठे मिळेल?

पुणे_पीएचडी

हे सगळं घरगुती कशाला करताय? निकेल-एनटीएचे तयार चुंबकी मणी विकत घ्या. १० ते २० मिलिमोलर इमिडाझोलने धुवा, २५० ने सोडवा, दुपारपर्यंत शुद्ध प्रोटीन हातात. आमच्या लॅबमध्ये दुसरं कोणी काही वापरतच नाही.

जुनी_पिपेट

पुणेकर, सल्ला चांगला आहे, पण चुकीच्या दारी. निकेल-एनटीए धरतं हिस-टॅगला, म्हणजे सलग सहा हिस्टिडीन जोडलेल्या प्रोटीनला. ते प्रोटीन तुम्ही ई. कोलायमध्ये बनवलेलं असतं. कोंबडीच्या लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्लं आहेत आणि त्यात हिस्टिडीन एक. निकेल त्याला कशाला धरेल?

आता मुला, तुझं. मी सातपूरला निदान-किटची रिएजंट बनवण्यात बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे चुंबकाला न येणारे कण हा माझा जुना परिचयाचा विषय. मोठा चुंबक आणू नकोस. तुझा चुंबक बरा आहे, आणि रंग काळाकुट्ट आला म्हणजे मॅग्नेटाइटही नीट झालंय. (तपकिरी, गंजासारखा आला असता तर म्हटलं असतं फेरस सल्फेटची बाटली उघडून बघ. जुन्या बाटलीत हिरव्या खड्यांवर पिवळट पापुद्रा आलेला असतो, तो फेरिक झालेला असतो आणि प्रमाण बिघडवतो.)

अडचण आकाराची आहे. सायट्रेट लावलेले तुझे कण १० नॅनोमीटरच्या आसपास असणार, आणि एकमेकांपासून छान सुटे. चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर ठरते, पाण्याचा अडसर व्यासावर. व्यास १० पट केला की ओढ १००० पट, अडसर फक्त १० पट, म्हणजे कण १०० पट वेगाने चुंबकाकडे सरकतो. तुझा सुटा कण इतका बारीक आहे की पाण्याचे रेणू त्याला इकडेतिकडे ढकलतात आणि चुंबकाचं त्याला ऐकूच येत नाही. तू जे भिंतीला धरलेलं पाहतोस ते चार-दोन कणांचे गुच्छ आहेत.

मग सरळ २०० नॅनोमीटरचे कण बनवावेत का? तेही नाही. मॅग्नेटाइटचा अखंड स्फटिक एवढा मोठा झाला की चुंबक काढून घेतल्यावरही त्यात चुंबकत्व उरतं. कण आपसात चिकटून गोळा होतो, परत हलवून मोकळा होत नाही. साधारण २०-३० नॅनोमीटरच्या खाली असलेल्या कणात ते उरत नाही, त्यालाच सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. म्हणून युक्ती अशी की दाणे बारीकच ठेवायचे आणि बऱ्याच दाण्यांचा मिळून एक गुच्छ बांधायचा. बाजारातले मणी असेच असतात. नॉर्वेच्या जॉन उगेलस्टॅड यांनी १९७० च्या दशकात एकसारख्या आकाराचे प्लॅस्टिकचे मणी बनवायची पद्धत काढली, आणि त्यांच्या आत लोहऑक्साइडचे दाणे भरून जे डायनाबीड्स झाले ते १, २.८, ४.५ मायक्रॉनचे आहेत. नॅनो नव्हेतच. गंगापूर रोडच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टीएसएच (थायरॉइडची चाचणी) करतात त्या केमिल्युमिनेसन्सच्या मशीनमध्येही बहुधा मायक्रॉनच्या घरातलेच चुंबकी कण फिरत असतात.

तुला सोपा मार्ग सिलिकाचा. इथेनॉल चार भाग, पाणी एक भाग, थोडा अमोनिया, त्यात कण टाकून सोनिकेटरला धर आणि टीईओएस (ज्यातून सिलिका बनते ते द्रव) थेंबथेंब सोड. रात्रभर ढवळू दे. इथेनॉलमध्ये सायट्रेटचे कण जरा गोळा होतातच, ते तसेच सिलिकात बांधले जातात. इथे एरवी ज्याला दोष म्हणतात तो तुझ्या कामी येतो. शिवाय सिलिकाचा पृष्ठभाग पीएच ३ च्या वर ऋणभारित असतो, त्यामुळे लायसोझाइम त्यावर आपणहून बसतं. वरून आणखी कुठलाही गट जोडायची गरज नाही. हे सगळं फ्यूमहूडमध्ये. आणि कण ओव्हनमध्ये वाळवू नकोस, एकदा कोरडे झाले की पुन्हा सुटे होत नाहीत.

आता गणित, जे कोणी करत नाही. अंड्याचा पांढरा भाग ३० ग्रॅम धर. त्यात प्रोटीन १० टक्के, म्हणजे ३ ग्रॅम. त्यातलं साधारण ३.५ टक्के लायसोझाइम, म्हणजे १०० मिलिग्रॅम. तू कण टाकलेस ५० मिलिग्रॅम. १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचं क्षेत्रफळ हिशेबाने ग्रॅमला ११५ चौरस मीटर येतं, आणि प्रोटीनचा एक थर चौरस मीटरला एक-दोन मिलिग्रॅम बसतो. म्हणजे तुझ्या कणांवर जागा आहे फार तर ६ ते १२ मिलिग्रॅमची. पंगतीत पन्नास पानं मांडली आणि पाचशे माणसं आली, तर स्वयंपाक वाईट होता असं म्हणत नाहीत. तुझी रिकव्हरी कमी नाही, तुझं अंडं मोठं आहे.

आणि इथेच खरी गोम आहे. गुच्छ केलास की तो चुंबकाला पटकन येईल, पण क्षेत्रफळ घसरेल. १५० नॅनोमीटरच्या गुच्छाला ग्रॅममागे दहा-पंधरा चौरस मीटर मिळाले तरी खूप. बारीक ठेवलं तर जागा भरपूर पण हाती येत नाही, मोठं केलं तर हाती येतं पण जागा नाही. नॅनो म्हटलं की क्षेत्रफळाचं कौतुक सगळे लिहितात, हे दुसरं टोक कोणी सांगत नाही. तेव्हा नुसते कण वाढवत बसू नकोस, अंडं कमी कर. एक मिलिलीटर पांढरा भाग घे, त्यात ३.५ मिलिग्रॅमच्या आसपास लायसोझाइम असेल, आणि सिलिकाचे कण ३०० मिलिग्रॅम. एवढ्यावर एमएस्सी होते.

बाकीचं भराभर. पीबीएस फेकून दे. त्यात १३७ मिलिमोलर मीठ असतं, आणि तू मिठानेच प्रोटीन सोडवणार आहेस. बसवतानाच अर्धं सोडवतोयस. शिवाय फॉस्फेट लोहऑक्साइडला घट्ट धरतं आणि सायट्रेटला हुसकावतं. २० मिलिमोलर ट्रिस बफर घे, पीएच ८.२, मीठ नाही. पांढरा भाग पातळ केल्यावर जे धाग्यासारखं गोळा होतं ते ओव्होम्युसिन, ते मलमलीतून गाळून आणि सेंट्रिफ्यूज करून आधी काढ, नाहीतर कण त्यात अडकतात. पट्टी ४५ ला दिसतेय त्यातलं काही त्यामुळेही असेल. बसवून झाल्यावर ५० मिलिमोलर मिठाच्या ट्रिसने धू, मग १ मोलरने सोडव, आणि सोडवायला पाणी कमी घे.

ब्रॅडफर्ड ५९५ नॅनोमीटरला वाचतात. पाण्यात तरंगणारे काळे कण तिथे प्रकाश अडवतात, ते तुला प्रोटीन म्हणून दिसतंय. प्रोटीन न घालता तेच कण, तोच बफर, तेवढाच वेळ, असा एक ब्लँक सोबत चालव. आणि ब्रॅडफर्डचा रंग मुख्यत्वे आर्जिनीनला धरतो. लायसोझाइममध्ये ११ आर्जिनीन, त्यामुळे बीएसएच्या (गाईच्या रक्तातलं प्रोटीन, मोजणीला नेहमी वापरतात ते) स्टँडर्डवर त्याचा आकडा खरा येत नाही. शुद्ध भाग २८० नॅनोमीटरला वाच. एक मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरला २.६४ येतं.

गुलाबी झाक मात्र छान टिपलीस. अंडं ताजंच आहे. पांढऱ्या भागात ओव्होट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन असतं, एकूण प्रोटीनच्या १२ टक्के, त्याचं कामच लोह पकडणं. लोह पकडलं की ते गुलाबी होतं. म्हणजे तुझ्या कणांतून लोह सुटतंय, आणि सायट्रेट त्याला बाहेर यायला मदतच करतंय. सिलिका चढवल्यावर झाक गेली तर थर नीट बसला असं समज. टीईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) नमुना पाठवायच्या आधीची ही फुकटची चाचणी.

एमएस्सीवाला_नाशिक

मॅडम, काय बोलू. अर्धी थिसिस इथेच झाली. दोन शंका आहेत. आधीचे सायट्रेटचे कण बरेच बनवून ठेवलेत, ते वाया घालवायचे का? आणि फाल्कन ट्यूबला चुंबक कसा लावायचा, वरून, खालून, बाजूने? चुंबक मी शाळेच्या प्रयोगाचा आयताकृती वापरतोय.

जुनी_पिपेट

शाळेचा? तरीच. मघाशी तुझा चुंबक बरा आहे म्हटलं ते परत घेते. अंबड-सातपूर भागात भंगारवाल्यांकडे बंद पडलेल्या हार्ड डिस्क विचार. खोलून आत बघ, कोपऱ्यात चंद्रकोरीच्या आकाराचे चकचकीत निओडिमियमचे चुंबक असतात, पत्र्याला चिकटवलेले. त्यांच्या एकाच तोंडावर दोन्ही ध्रुव शेजारीशेजारी असतात, त्यामुळे अगदी जवळ ओढ जबरदस्त. पत्र्यावरून उखडताना स्क्रू-ड्रायव्हर हळू चालव. वरचा निकेलचा थर उडतो आणि आतलं ठिसूळ असतं. दोन चुंबकांच्या मध्ये बोट घालू नकोस हे सांगायला नको, तरी सांगते.

अंतर हाच खरा मुद्दा आहे. तीन सेंटीमीटर जाडीच्या फाल्कनच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत ओढ पोचतच नाही. २ मिलिलीटरच्या ट्यूब वापर, नाहीतर चपटी बाटली आडवी करून चुंबकावर ठेव. आणि चुंबक लावलेला असतानाच पाणी काढ, ट्यूब उचलून वाकवत बसू नकोस.

सायट्रेटचे कण फेकू नकोस. भांडी घासायची स्टीलची घासणी आण, दुकानातच तिला चुंबक लावून बघ. चिकटली तर घे. ३०४ ग्रेडचं स्टील चुंबकाला जवळजवळ धरत नाही, ते आपल्या उपयोगाचं नाही, ४१० किंवा ४३० लागतं. ती साबणाने, मग इथेनॉलने धुऊन १० मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये सैल भर, दोन्ही बाजूंना हार्ड डिस्कचे चुंबक बांध आणि कणांचं पाणी हळू सोड. प्रत्येक तारेच्या कडेला चुंबकी क्षेत्र एकदम बदलतं, आणि बारीक कणाला ओढायला तो बदलच लागतो. मोठ्या कारखान्यांत हाय ग्रेडियंट सेपरेशन म्हणतात ते हेच, फक्त स्टेनलेसच्या टाकीत. चुंबक काढून बफर मारला की कण बाहेर. मीठ लागल्यावर घासणी गंजते, म्हणून काम झालं की लगेच धुऊन वाळव. आणि तिच्यातल्या लोहाने तुझा आकडा फसायला नको असेल तर ब्लँकही याच सिरिंजमधून काढ.

दिंडोरीचा_सेलरवाला

राम राम. विषय आमचा नाही, पण जवळचा आहे म्हणून घुसतो. मी दिंडोरी बाजूला एका वाईनरीत सेलर बघतो. आमची डोकेदुखी अशी की शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ टाकीत काचेसारखी स्वच्छ, आणि बाटली एप्रिलच्या उन्हात एखाद्या दुकानाच्या काउंटरवर राहिली की आत धूसर होते. कारण द्राक्षातलीच प्रोटीनं, थॉमॅटिनसारखी आणि कायटिनेज. वाईनचा पीएच ३.२ च्या आसपास, तिथे ती धनभारित, म्हणून आम्ही बेंटोनाइट मारतो, ती माती ऋणभारित. नमुना ८० अंशांना दोन तास तापवून थंड करतो, धूसर झाला की अजून डोस. पण बेंटोनाइटचा गाळ खाली फुगून बसतो आणि त्यात वाईन जाते, ती बघून मालकाचा चेहरा बघवत नाही. शिवाय वासही थोडा उतरतो.

तर पोराचे हे कण आम्हाला चालतील का? टाकीत टाकले, चुंबक लावला, काढले. गाळच नाही.

आणि मुला, तुझं लायसोझाइम बाहेरच्या देशांत वाईनमध्येच टाकतात बरं. मॅलोलॅक्टिकचे (वाईनमधल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणारे) जिवाणू थांबवायला, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. यीस्टला त्याने काही होत नाही. गंमत म्हणजे बेंटोनाइट ते लायसोझाइमही ओढून घेतं, म्हणून दोन्ही एकदम टाकत नाहीत.

जुनी_पिपेट

सेलरवाले, प्रश्न फार योग्य विचारलात. कल्पना हवेतली नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या लोकांनी प्लाझ्माने पॉलिमर चढवलेले चुंबकी कण वापरून पांढऱ्या वाईनमधली हीच प्रोटीनं काढून दाखवली आहेत. पण तुमच्या टाकीसाठी दोन गोष्टी बघा.

पहिली लोह. पीएच ३.२, वर टार्टारिक आम्ल, जे लोहाला धरून बाहेर काढतं. उघडे कण टाकलेत तर वाईनमध्ये लोह वाढेल, आणि लोह वाढलेल्या वाईनला वेगळाच गढूळपणा येतो हे तुम्ही मला शिकवाल. एक धूसरपणा काढून दुसरा घेण्यात काय हशील? थर पक्का हवा, आणि तो प्रत्येक वापरानंतर पक्का आहे हे मोजून दाखवायला हवं. खाण्यापिण्याच्या वस्तूला लागणारी परवानगी तर वेगळीच.

दुसरी, पुन्हा तेच गणित. समजा लिटरला १०० मिलिग्रॅम प्रोटीन काढायचंय आणि टाकी १००० लिटरची. म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन. ग्रॅमला २० मिलिग्रॅम धरणारे कण असतील तर ५ किलो कण लागतील. बेंटोनाइट तेवढ्याच टाकीला अर्धा-एक किलोत काम करतं आणि स्वस्त असतं. कण परत परत वापरता आले तरच हिशेब बसेल, एकदा वापरून फेकायचे असतील तर विसरा. मला विचाराल तर सध्या मातीच बरी.

पुणे_पीएचडी

मान्य, निकेलचं मी घाईत लिहिलं. पण एक जोड देतो. पिपेट मॅडम, कणांवर काय उरलंय ते बघायला सोडवून झालेले कणच एसडीएस (साबणासारखं, प्रोटीन उलगडणारं) बफरमध्ये उकळा आणि तो भाग जेलवर चालवा. मिठाने न सुटणारं काय आहे ते कळतं. फक्त लोड करायच्या आधी चुंबकाने कण बाजूला घ्या, नाहीतर जेलच्या विहिरीत (नमुना सोडायच्या खाचेत) काळा गाळ बसतो आणि लेन वाकडी धावते. लायसोझाइमसाठी १५ टक्के जेल.

एमएस्सीवाला_नाशिक

सर्वांचे आभार. अपडेट देतो. सिलिका चढवली, हार्ड डिस्कचा चुंबक आणला (भंगारवाल्याने आधी पूर्ण कॉम्प्युटरच गळ्यात मारायचा प्रयत्न केला). आता २ मिलिलीटरच्या ट्यूबमध्ये कण बघता बघता भिंतीला जातात आणि वरचं पाणी आरपार दिसतं. गुलाबी झाक नाही. १४ ची पट्टी ठसठशीत, ४५ ची अगदी पुसट. पीबीएसची बाटली शेजारच्या टेबलवाल्याला देऊन टाकली.

आता व्हायवाला विचारणार, शुद्ध झालं म्हणजे किती पट? जेलचा फोटो दाखवून भागेल का? आणि हेच कण परत वापरू का?

जुनी_पिपेट

जेल दाखव, पण पट सांगायची तर क्रियाशीलता मोज. मायक्रोकॉकसच्या वाळवलेल्या पेशी मिळतात, त्या पीएच ६.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये मिसळून ४५० नॅनोमीटरला ठेवायच्या. लायसोझाइम त्यांच्या भिंती फोडतं तसं पाणी निवळत जातं आणि वाचन उतरतं. मिनिटाला ०.००१ उतार म्हणजे एक युनिट. मूळ पांढऱ्या भागाची युनिटं भागिले त्यातलं एकूण प्रोटीन, तसंच तुझ्या शुद्ध भागाचं, आणि दुसऱ्याला पहिल्याने भाग. मूळात लायसोझाइम ३.५ टक्केच आहे, तेव्हा उत्तर फार तर २८-२९ पट येऊ शकतं. ५० पट आलं तर आनंदाने नाचू नकोस, प्रोटीनची मोजणी पुन्हा कर.

कण परत वापर. १ मोलर मिठाने धू, मग ट्रिसने, आणि २० टक्के इथेनॉलमध्ये फ्रीजला ठेव, फ्रीझरला नाही. कॉलम धुतात तसं सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊ नकोस, अल्कलीत सिलिका विरघळते. दर वापराला रिकव्हरी लिहीत जा, उतरता आलेख आला तर तोही थिसिसमध्ये जातो.

आणि उकळलेला नमुना कंट्रोल म्हणून घेणार असशील तर आम्ल बफरमध्ये उकळू नकोस. लायसोझाइम आम्लात उष्णता बऱ्यापैकी सोसतं, तुझा कंट्रोलच काम करायला लागेल.